सामायिक ज्ञानाचे दप्तर

एका माणसाने एका खोलीत बसून जमविलेले ज्ञान कितीही विशाल असले, तरी त्याच्या व्यवस्थेचा प्रश्न हा अखेर त्याच्या स्मरणशक्तीचा आणि शिस्तीचा प्रश्न असतो. कोणते टिपण कोठे ठेवले, कोणते मत केव्हा आणि का बदलले, हे त्याला स्वतःला ठाऊक असते, आणि नसले तरी त्याचा उपद्रव त्याच्यापुरताच राहतो. परंतु एकच संग्रह शेकडो हात वाढवू लागले, ते हात एकमेकांना ओळखत नसले, एका काळातलेही नसले, आणि आज लिहिलेले प्रत्येक वाक्य उद्या कोणीतरी सुधारणार आहे हे गृहीत धरूनच तो संग्रह उभारला जात असला, म्हणजे प्रश्नाचे स्वरूप मुळापासून पालटते. अशा संग्रहात काय साठवावे? बहुतेकांचे उत्तर असे असते की, जे खरे ठरले ते साठवावे. मला हे उत्तर अपुरे, किंबहुना घातक वाटते. सामायिक संग्रहात निष्कर्षाइतकीच जपण्याजोगी गोष्ट म्हणजे त्या निष्कर्षाची वंशावळ: तो कोणी आणला, कशाच्या आधारावर आणला, त्यापूर्वी तेथे काय होते, आणि जे काढून टाकले ते आज कोठे पाहावयास मिळेल.

या म्हणण्याचा पुरावा शोधण्यासाठी संगणकाच्या युगापर्यंत थांबण्याचे कारण नाही. सतराव्या शतकात, मूळच्या कोपरगावच्या चतुर्धर घराण्यातील नीलकंठाने काशीत राहून महाभारतावर ‘भारतभावदीप’ ही टीका लिहिली, तेव्हा त्याने निरनिराळ्या प्रांतांतून पोथ्या मिळविल्या आणि त्या ताडून पाहून त्यांतले उत्तम पाठ निवडले, असे तो आरंभीच सांगतो. हे काम सामान्य नव्हे. पुढे जे महाभारत सर्वत्र प्रचलित म्हणून वाचले व छापले गेले, ते बहुतांशी त्याच्याच निवडीचे. परंतु कोणता पाठ कोणत्या पोथीतून आला, कोणता पाठ पुढे होता आणि तो का नाकारला, याचा झाडा त्याने ठेवला नाही. क्वचित् एखाद्या पाठांतराचा तो उल्लेख करतो. बाकीचे सारे त्याच्या विद्वत्तेत विरघळून गेले. त्याच्याशी मतभेद असणाऱ्या अभ्यासकापुढे म्हणून दोनच मार्ग उरतात: एक तर नीलकंठाचा शब्द प्रमाण मानणे, किंवा सर्व पोथ्या पुन्हा गोळा करून सर्व काम पुन्हा पहिल्यापासून करणे.

ते काम पुन्हा पहिल्यापासून करण्याचा संकल्प पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ मध्ये सोडला आणि तो पुरा व्हावयास १९६६ साल उजाडले. या सत्तेचाळीस वर्षांतील प्रचंड उद्योगाचे वर्णन पुष्कळांनी केले आहे; मला त्यातला एक साधा कागद महत्त्वाचा वाटतो. उभ्याआडव्या रेघा मारून त्या कागदाच्या चौकटी पाडलेल्या असत. वरच्या ओळीत छापील प्रतीतला एक श्लोक, एका चौकटीत एक अक्षर याप्रमाणे मांडलेला असे. खाली एकेका पोथीची खूण आणि त्या पोथीतला भेद नेमक्या त्या-त्या अक्षराखाली. एका श्लोकाला असा एक कागद, आणि श्लोक लक्षाच्या घरातले. शारदा, नेपाळी, मैथिली, बंगाली, देवनागरी, तेलुगू, ग्रंथ आणि मल्याळम अशा लिप्यांतल्या पोथ्या वाचणारे शास्त्री पुण्यात तर बसत होतेच, पण शांतिनिकेतनात आणि तंजावरातही बसत होते, आणि एकमेकांचे तोंडही न पाहिलेल्या या माणसांचे वाचन त्या चौकटींमुळे एकाच भाषेत बोलू लागत होते. एकूण १,२५९ पोथ्या अशा रीतीने उपयोगात आल्या.

आणि छापलेले पान पाहा. वर सिद्ध केलेला पाठ. त्यात संपादकाला ज्या शब्दाची पुरती खात्री नाही, त्याच्याखाली नागमोडी रेघ. त्याखाली पोथीवार पाठभेद. लहान प्रक्षिप्त ओळी तारांकित करून तेथेच, आणि मोठे प्रक्षिप्त भाग परिशिष्टात. व्यासांनी सांगावे आणि गणपतीने लिहावे ही सर्वांच्या परिचयाची कथा आदिपर्वाच्या सिद्ध पाठात नाही, म्हणून अनेकांना वाईट वाटले. परंतु ती कथा नाहीशी केलेली नाही. ती परिशिष्टात आहे, आणि कोणत्या पोथ्यांत ती येते हेही तेथे आहे. प्रधान संपादक डॉ. वि. सी. सुखटणकर यांचा निर्णय ज्याला मान्य नसेल, त्याने तो निर्णय उलटा करावा. त्यासाठी लागणारी सगळी सामग्री सुखटणकरांनीच त्याच्या हाती दिलेली आहे. नीलकंठ आणि सुखटणकर यांच्या बुद्धीत डावेउजवे करण्याचा माझा हेतू नाही. एकाने आपला निर्णय दिला, दुसऱ्याने निर्णयाबरोबर तो फिरविण्याचा अधिकारही वाचकाला दिला, आणि सामायिक ज्ञानसंग्रहाची खरी सुरुवात मी या दुसऱ्या कृतीपासून मानतो.

सुखटणकरांना सर्वांत अधिक छळणारी अडचण कोणती होती, हे पाहिले म्हणजे मुद्दा आणखी स्पष्ट होतो. पोथ्यांची नक्कल नक्कलेवरून होत गेली असती, तर प्रत्येक पोथीला एकच मूळ असते आणि चुकांच्या आधारे कुळे लावणे अवघड गेले नसते. पण अभ्यासू लेखक समोर दोन पोथ्या ठेवी. एकीतून उतरून घेता घेता दुसरीतला बरा वाटलेला पाठ तो आपल्या पोथीत आणी, आणि त्याची कसलीही खूण ठेवीत नसे. त्याचा उद्देश चांगलाच होता: आपली प्रत अधिक परिपूर्ण व्हावी. परिणाम मात्र असा झाला की दोन कुळे एकमेकांत मिसळली आणि ती कोठे मिसळली हे सांगणारा कोणी उरला नाही. मिसळण्यात दोष नव्हता. विद्येची वाढ मिश्रणानेच होते. दोष न नोंदलेल्या मिश्रणात होता, आणि तो निस्तरण्यासाठी विसाव्या शतकातल्या विद्वानांच्या दोन पिढ्या खर्ची पडल्या.

आता या शतकाच्या आरंभी येऊ. लिनक्स या संगणकप्रणालीच्या गाभ्यावर १९९१ पासून जगभरचे प्रोग्रामर काम करीत होते, आणि २००२ पासून त्यांचे दप्तर बिटकीपर नावाच्या खाजगी मालकीच्या एका साधनात होते. २००५ च्या एप्रिलात त्या साधनाच्या विनामूल्य वापराची सवलत संपुष्टात आली, तेव्हा लिनस टॉरव्हाल्ड्झ यांनी अवघ्या काही दिवसांत स्वतःचे साधन उभे केले; तेच गिट. आज जगातील प्रोग्रामरांचे बहुतेक सामायिक काम ज्या साधनाने चालते, त्याच्या रचनेत पोथीलेखकाच्या त्या जुन्या चुकीवरचा उतारा जणू मुद्दाम घालून ठेवलेला आहे. गिटमध्ये प्रत्येक बदलाची, म्हणजे कमिटची, नोंद होते. त्या नोंदीत कर्ता, वेळ, कारण आणि त्या क्षणीच्या साऱ्या मजकुराची ओळख असते, आणि त्याबरोबर तिच्या आधीच्या नोंदीचे नावही असते. हे नाव कोणी ठेवीत नाही. नोंदीतल्या मजकुरावरूनच गणिताने चाळीस चिन्हांची एक खूण निघते, ते तिचे नाव. म्हणून जुन्या नोंदीतला एक स्वल्पविराम जरी कोणी गुपचूप बदलला, तरी तिचे नाव बदलते, तिच्या पुढच्या नोंदीचे बदलते, आणि अशा रीतीने शेवटपर्यंतची सारी परंपरा आपली ओळख बदलून त्या लबाडीची साक्ष देते. आणि दोन शाखा एकत्र आणल्या, ज्याला प्रोग्रामर मर्ज करणे म्हणतात, म्हणजे त्या नोंदीला एक नव्हे तर दोन पूर्वज लिहिले जातात. काश्मीरची पोथी आणि केरळची पोथी पुढे ठेवून बसलेल्या त्या अनाम लेखकाने एवढेच केले असते, तर किती श्रम वाचले असते!

या व्यवस्थेत प्रत्येक सहकाऱ्याच्या यंत्रावर संग्रहाची केवळ चालू प्रत नसते, तर साधारणपणे आरंभापासूनचा सर्व इतिहास असतो. याचे मोल पुणेकरांना समजावून सांगण्याची आवश्यकता नसावी. ५ जानेवारी २००४ रोजी भांडारकर संस्थेवर जमावाचा हल्ला झाला आणि ग्रंथांची व हस्तलिखितांची नासधूस झाली, तेव्हा एकाच इमारतीत ठेवलेले ज्ञान किती असुरक्षित असते, याचा अनुभव आपण घेतला आहे. महाभारत टिकले ते अनेक प्रांतांत विखुरल्यामुळे. पण विखुरले आणि वंशावळ हरवली, म्हणून ते पुन्हा जुळवणे कठीण झाले. विखुरणे आणि वंशावळ राखणे या दोन्ही गोष्टी एकत्र साधणे हे गिटचे कर्तृत्व आहे.

तथापि साधनाची स्तुती येथेच थांबवावी लागते. कोणी आणि केव्हा, हे यंत्र आपोआप लिहिते. का, हे माणसालाच लिहावे लागते, आणि माणूस तेथे आळस करतो. कोणत्याही मोठ्या प्रकल्पाची नोंदवही उघडा: ‘दुरुस्ती’, ‘किरकोळ बदल’, ‘पुन्हा दुरुस्ती’ अशा शेऱ्यांची रांग दिसेल. दोन वर्षांनी एखादी ओळ निरर्थक वाटून नवा माणूस ती काढतो आणि कोठेतरी दूरचा व्यवहार कोलमडतो, कारण ती ओळ ज्या अडचणीसाठी घातली होती ती अडचण नोंदीत नव्हती. लिनक्सच्या गाभ्यात दोन ओळींच्या बदलाला वीस ओळींचे स्पष्टीकरण अनेकदा आढळते, आणि ते मला त्या प्रकल्पाच्या दीर्घायुष्याचे एक मोठे कारण वाटते. तसेच, अनेक टप्प्यांची खटपट पुसून शेवटचा सुबक बदल तेवढा दाखविण्याची जी प्रथा काही संघांत आहे, ती मसुदा स्वतःच्या टेबलावर असेपर्यंत निर्दोष आहे. एकदा इतरांनी त्यावर काम सुरू केले, की तो इतिहास एकट्याचा राहत नाही आणि तो पुसण्याचा अधिकारही राहत नाही.

आपल्याकडे खेड्यातील शेतकऱ्याला वंशावळ राखण्याचा हा विचार शिकवावा लागत नाही. जमीन आज कोणाच्या नावावर आहे ते सातबाऱ्यावर दिसते. पण त्या नावाजवळ एक क्रमांक असतो, आणि तो क्रमांक गाव नमुना सहाच्या फेरफार नोंदवहीत घेऊन जातो, जेथे वारसाने, खरेदीखताने की वाटणीने हा बदल झाला ते लिहिलेले असते. तलाठ्याने नोंद धरावी, हितसंबंधीयांना नोटीस जावी, हरकतीला पंधरा दिवस मिळावेत, मग मंडळ अधिकाऱ्याने ती प्रमाणित करावी. आणि सातबारा हाती लिहीत तेव्हा जुने नाव खोडून न टाकता त्याला कंस करीत असत. या पद्धतीत लबाड्या होत नाहीत असे कोण म्हणेल? परंतु लबाडी झाली तर ती न्यायालयात सिद्ध करता येते ती या कंसांच्या आणि क्रमांकांच्या बळावरच.

वंशावळ राखण्याचा आणखी एक परिणाम असा आहे की, त्यामुळे दार अधिक उघडे ठेवता येते. २००० साली न्यूपीडिया नावाचा विश्वकोश आंतरजालावर आरंभिला गेला. त्यातील प्रत्येक लेखाला तज्ज्ञांच्या तपासणीच्या सात पायऱ्या होत्या, आणि २००३ मध्ये तो बंद पडला तेव्हा पुरे झालेले लेख दोन-तीन डझनांपलीकडे गेले नव्हते. त्याच मंडळींनी १५ जानेवारी २००१ रोजी सुरू केलेल्या विकिपीडियाने परवानगीची अट काढली आणि तिच्या जागी इतिहासाचे पान ठेवले. जो बदल एका कळीसरशी परतविता येतो, त्याला आधी अडविण्याची निकड कमी होते. मोकळीक आणि कडक नोंद या परस्परविरोधी गोष्टी आहेत असे समजणाऱ्यांनी हा अनुभव लक्षात घ्यावा.

मोकळीक म्हणजे बेवारसपणा मात्र नव्हे. मराठेशाहीतील राजपत्रांच्या शेवटी ‘रुजू सुरनिवीस’ यासारखे शेरे आढळतात. पत्र कोणाच्या नजरेखालून गेले याची जबाबदारी त्यांत बांधलेली असे. लिनक्समध्ये २००४ पासून प्रत्येक बदलाखाली तो देणाऱ्याची आणि तो पुढे सरकविणाऱ्या प्रत्येक रखवालदाराची सही असते. टॉरव्हाल्ड्झ सर्व काही वाचीत नाहीत, वाचणे शक्यही नाही; ते आपल्या विभागप्रमुखांवर विश्वास टाकतात, आणि हा विश्वास सहीच्या रूपाने नोंदलेला असल्यामुळे तो आंधळा ठरत नाही.

एवढ्यावर एक आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. संग्रहात परस्परविरोधी विधाने, रद्द झालेली मते, जुने मसुदे असे सर्वच ठेवावयाचे, तर वाचकाच्या हाती शेवटी काय लागणार? शिवाजी महाराजांच्या जन्मतिथीचेच उदाहरण घ्या. बखरींच्या परंपरेने वैशाख शुद्ध द्वितीया, शके १५४९. लोकमान्य टिळकांनी उजेडात आणलेल्या जेधे शकावलीने फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१. २००१ मध्ये शासनाने दुसरी तिथी स्वीकारली. ज्या तक्त्यात जन्मतारखेला एकच रकाना आहे, तेथे एक तिथी दुसरीला गिळते, आणि उद्याचा विद्यार्थी एवढेच शिकतो की काही लोक ‘चुकीची’ तारीख सांगतात. २०१२ मध्ये सुरू झालेल्या विकिडाटा या सामायिक संग्रहाची मांडणी निराळी आहे. तेथे एकाच बाबीविषयी अनेक विधाने राहू शकतात. प्रत्येकाला आपला आधार जोडता येतो आणि प्रत्येकाला प्राधान्याचे, सामान्य अथवा अमान्य असे स्थान देता येते. अमान्य विधान तेथे अमान्य या शेऱ्यासह राहते, म्हणून दुसऱ्याने तेच चुकीचे विधान नव्या उत्साहाने पुन्हा आणून बसविण्याचा संभव कमी होतो. वाचकाला हवी ती एक तारीख मिळते आणि अभ्यासकाला वादाचे मूळ मिळते. भांडारकरी पानाचीच ही रचना, वरचा पाठ सर्वांसाठी आणि खालचा ज्याला हवा त्याच्यासाठी. डग्लस लेनट यांनी १९८४ मध्ये सायक हा व्यवहारज्ञानाचा यंत्रवाच्य संग्रह हाती घेतला, तेव्हा त्यांच्या मंडळींनाही यथावकाश सर्व विधाने एकाच सुसंगत चौकटीत बसविण्याचा हट्ट सोडून लहान लहान संदर्भकक्षा कराव्या लागल्या.

दुसरा आक्षेप खर्चाचा; तो मला तुलनेने हलका वाटतो. मायक्रोसॉफ्टने २०१७ च्या सुमारास विंडोजचा सारा मजकूर गिटमध्ये नेला, तेव्हा तो सुमारे ३०० गिगाबाइट आणि ३५ लाख फाइलींचा होता, आणि तो प्रत्येकाच्या यंत्रावर उतरविणे अशक्यप्राय होते. म्हणून फाइल उघडावी तेव्हाच ती यावी, अशी सोय त्यांनी निर्माण केली. जतन सर्वांचे करावे आणि पुढ्यात लागेल तेवढेच यावे, हा तोडगा निघाला आहे. ज्यावर तोडगा निघत नाही तो खर्च मनुष्यबळाचा आहे. डेक्कन कॉलेजात डॉ. सु. मं. कत्रे यांनी १९४८ मध्ये आरंभिलेल्या संस्कृत महाकोशासाठी सुमारे दीड हजार ग्रंथांतून कोटीच्या घरात चिठ्ठ्या जमल्या; पहिला भाग १९७६ मध्ये निघाला, आणि इतक्या दशकांनंतरही छापलेले खंड पहिल्याच अक्षराभोवती आहेत. याला दिरंगाई म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. प्रत्येक चिठ्ठीवर शब्दाबरोबर ग्रंथातले नेमके स्थळ आहे, म्हणून ज्यांनी ती लिहिली ते गेल्यावरही ती बोलते. महाभारताच्या कामाचेही तसेच: सुखटणकर १९४३ मध्ये गेले, श्री. कृ. बेलवलकरांनी सूत्रे घेतली, मग प. ल. वैद्यांनी, काम थांबले नाही, कारण ते कोणाच्या डोक्यात नव्हते, कागदावर होते.

अलीकडे अशा सर्व संग्रहांतील मजकूर यंत्रांना भाषा शिकविण्यासाठी वापरला जातो, आणि ती यंत्रे कोणत्याही प्रश्नाचे अस्खलित उत्तर देतात. मला या उत्तरांच्या चुकांपेक्षा त्यांच्या बरोबर असण्याची अधिक चिंता वाटते. बरोबर उत्तर वंशावळीवाचून मिळू लागले, म्हणजे वंशावळ राखणाऱ्याचा पगार कोण देईल? नीलकंठाने निदान आपले नाव लिहून ठेवले होते. त्याच्या मिश्रणाची जबाबदारी एका माणसावर होती.

मराठीपुरते बोलावयाचे, तर आपण एका विचित्र वळणावर आहोत. ज्ञानकोशकार केतकरांचे तेवीस खंड १९२० च्या दशकात निघाले. वाईहून मराठी विश्वकोशाचा पहिला खंड तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखाली १९७६ मध्ये आला आणि विसावा २०१५ मध्ये. पहिल्या खंडातल्या कित्येक नोंदी विसाव्याच्या वेळी जुन्या झालेल्या होत्या, हे उघडच आहे. परंतु छापील ग्रंथाचा एक गुण असा की, तो आपला इतिहास न सांगता राखतो: केतकरांच्या खंडात त्या काळच्या मराठी माणसाचे जगाविषयीचे ज्ञान जसेच्या तसे आहे. पडद्यावरच्या नोंदीला हा गुण नाही. ती आज सुधारली की कालची नाहीशी होते, जोवर कालची राखण्याची व्यवस्था कोणी जाणूनबुजून करीत नाही.

म्हणून विश्वकोशाच्या पडद्यावरील प्रत्येक नोंदीखाली तिच्या पूर्वीच्या आवृत्त्या आणि बदलाचे कारण वाचकाला पाहता यावे, अशी माझी मागणी आहे. आणि परिभाषाकोशांच्या बाबतीत ती अधिकच आग्रहाची आहे. पारिभाषिक शब्द ठरविणाऱ्या समित्यांनी किती पर्याय विचारात घेतले, कोणी कशावर हरकत घेतली, कोणता शब्द का मागे पडला, हे कोशात उमटत नाही. उमटतो तो एक शब्द, आणि तो न रुचणाऱ्या शिक्षकाला किंवा भाषांतरकाराला वाद घालण्यासाठी हाती काहीच लागत नाही. हे सारे नोंदून ठेवण्यासाठी लागणारे साधन विनामूल्य उपलब्ध आहे, आणि बैठकांची इतिवृत्ते कार्यालयांतून लिहिलीही जातात. ती त्या त्या शब्दाला जोडून प्रसिद्ध करण्याचा ठराव प्रत्येक नव्या समितीने आपल्या पहिल्याच बैठकीत करावा.